मामाच्या नावचा धूर

माझा मामा तेलाचा उत्पादक होता. असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेची उंच इमारत आणि काळी गाडी उभी राहते. मामाकडे सायकल होती, आणि तिची चेन इतक्या वेळा पडायची की त्याच्या प्रत्येक पँटच्या उजव्या पायाला ग्रीसचा काळा पट्टा होता. घर दोन खोल्यांचं. मागे अंगण, अंगणात जाळीचं कुंपण आणि कुंपणाच्या आत तेलविहीर. विहीर म्हटलं तरी तिच्यात डोकावता येत नाही. जमिनीतून एक जाड नळ वर आलेला असतो, त्यातून लोखंडी दांडा वर-खाली होतो, आणि तो दांडा ओढणारा भला मोठा पंप दिवसभर मान हलवत राहतो. आमच्या भागात त्या पंपांना सगळे होयबा म्हणायचे. काहीही विचारा, उत्तर हो.

मी होयबाच्या आवाजात वाढले. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा मला फोटोवरूनच माहीत आहे. वडील त्याच्या आधीच कुठेतरी निघून गेले होते, आणि गेले ते बरंच झालं असं मामाचं मत होतं. मामा आला, मला कडेवर घेतलं आणि घरी घेऊन गेला. कुठे कागद केला नाही, कोणाला विचारलं नाही. बहिणीची पोरगी मामाने नेली, त्यात विचारायचं काय? लग्न त्याने केलं नाही. माझ्यामुळे केलं नाही असं शेजारी म्हणायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "छे गं. तेलाचा वास मारणाऱ्याला कोण मुलगी देतंय?"

कंपनी मोठी होती. तिचं नाव घेऊन मला तोंड खराब करायचं नाही. तिथे मामाचं पद होतं मदतनीस. लागला तेव्हा मदतनीस, निवृत्त झाला तेव्हाही मदतनीस. मधल्या काळात ज्यांना त्याने मदत केली ते सगळे साहेब झाले. सकाळी उठला की तो आधी विहिरीचं पॅकिंग बघायचा. दांडा जिथून आत-बाहेर होतो तिथे रबराचं पॅकिंग असतं. ते सैल पडलं तर तेल पाझरतं, फार आवळलं तर दांडा तापतो. मामा पान्याने जरासं आवळायचा, हात लावून बघायचा, पुन्हा जरासं सैल करायचा. नंतर आत येऊन तसाच माझी वेणी घालायचा, फक्त सैल करायचं विसरायचा. शाळेत मी कायम ताणलेल्या डोळ्यांनी बसलेली असायचे आणि बाईंना वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकते ही मुलगी.

त्याला एकच वेड होतं. वस्तू जिथून घेतली तिथे परत ठेवायची. पाना खिळ्याला, किल्ली कडीला, वाटी वाटीत. मी कात्री टेबलावर टाकली तर तो तासभर काही बोलायचा नाही, नुसता त्या कात्रीकडे बघत बसायचा. एवढा छळ पुरे असतो. मी उठून ठेवायचे.

तेव्हा सगळीकडे एका कायद्याची चर्चा चालू होती. उन्हाळे असे झाले होते की दुपारी दाराची कडी हाताला चटका द्यायची, आणि हे कशाने होतं ते आता शाळकरी पोरंही सांगायची. तेल जाळलं की धूर, धुरात कार्बन, तो हवेत साठत राहतो. कायदा म्हणत होता, जो कोणी जमिनीतून तेल, कोळसा नाहीतर वायू काढून विकेल, त्यानेच त्याच्या धुरातला कार्बन पकडून पुन्हा जमिनीखाली कायमचा गाडायचा. गाडी चालवणाऱ्याने नाही, दिवा लावणाऱ्याने नाही. काढणाऱ्याने. आणि फक्त यापुढचा नाही. त्या विहिरीतून आजवर जेवढं निघालं, त्याचाही. मला हे इतकं पटलं होतं की मी चष्म्याच्या दुकानातली माझी काचा घासायची पाळी बदलून घेतली आणि मोर्च्याला गेले. घसा बसेपर्यंत ओरडले. आजही मला तो कायदा पटतो. म्हणून तर जास्त चीड येते.

घरी आले तेव्हा मामाने गरम पाणी दिलं. "बरोबरच आहे की," तो म्हणाला. "काढलं कोणी? आपण. मग जागेवर कोणी ठेवायचं?"

कंपनीला तो कायम 'आपण' म्हणायचा. कंपनी त्याला काय म्हणत होती ते लवकरच कळलं.

कायदा व्हायच्या आधीच्या वर्षी मामा निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात मोठ्या साहेबांनी भाषण केलं. ज्यांनी ही विहीर आयुष्यभर सांभाळली, ती आजपासून त्यांचीच, असं म्हणाले. तिला लागून असलेल्या आमच्या राहत्या घरासकट. टाळ्या झाल्या. साहेबांनी मामाच्या हातात कुंपणाची किल्ली दिली आणि एक पितळी पाटी दिली. वर मामाचं नाव, खाली 'उत्पादक'. मामाला रडू आवरेना. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते आणि मलाही भरून आलं होतं. आज तो प्रसंग आठवला की माझ्या मुठी वळतात.

नंतर कळलं की त्या वर्षी कंपनीला प्रेमाचा उमाळाच आला होता. कँटीनच्या आचाऱ्याला विहीर, जीपच्या ड्रायव्हरला विहीर, फाटकावरच्या पहारेकऱ्याला विहीर. सगळ्या म्हाताऱ्या विहिरी. ज्यांतून कंपनीने आयुष्यभर मलई खाल्ली आणि आता तेलापेक्षा खारं पाणीच जास्त यायचं, अशा. नव्या, जोमातल्या विहिरी कोणाला प्रेमाने दिल्याचं ऐकिवात नाही. साहेबांना कायद्याचा वास आधीच लागला होता, आणि जुना धूर कोणाच्या तरी गळ्यात बांधायचा होता. सगळा धूर आमच्या अंगणात आणून टाकला आणि वरून टाळ्या वाजवल्या.

कायदा झाला. नोंदणी करायला माणसं विहिरी-विहिरींवर फिरू लागली. ती एकच प्रश्न विचारायची, उत्पादक कोण? आचारी बेरकी होता. "कोण जाणे बुवा," तो म्हणाला, "मी भाजी चिरतो." कितीही खोदून विचारलं तरी त्याने भाजीची सुरी हातातून खाली ठेवली नाही. त्याची विहीर 'वादग्रस्त' म्हणून लिहिली गेली आणि ते घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. ड्रायव्हर मुलाकडे राहायला गेला, पत्ता न ठेवता. पहारेकरी आजारी पडला आणि तपासणीची माणसं जाताच बरा झाला.

मी मामाला बजावून सांगितलं, "राखणदार आहे म्हण. मालक कंपनी, मी नुसता बघतो, असं म्हण."

मामाने त्या दिवशी सकाळी शर्टाला इस्त्री केली. पितळी पाटी राखेने घासून कुंपणाला लावली. माणसं आली, त्यांनी विचारलं आणि मामा पुढे होऊन म्हणाला, "मी."

"मामा!" मी मागून म्हटलं.

"थांब गं," तो म्हणाला. "आयुष्यभर मदतनीस म्हणून सही केली. आता लोक दारात येऊन विचारतायत उत्पादक कोण, आणि मी लपून बसू?"

सही करताना त्याने चष्मा लावला. तो चष्मा मीच बनवला होता. त्या क्षणी मला वाटलं, नसता बनवला तर बरं झालं असतं.

महिन्याभराने, नव्या कायद्यासाठी उघडलेल्या जबाबदारी कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या कारकूनबाईंनी मामाला समजावून सांगितलं की विहिरीतून आजवर निघालेल्या तेलाचा सगळा कार्बन त्याच्या नावावर आहे आणि त्यातला पहिला हिस्सा वर्षाच्या आत गाडून दाखवायचा आहे. मामा घरी आला तो उत्साहात. "ठमे, गाडायची जागा बंदरापाशी आहे," तो म्हणाला. ठमी हे माझं लाडाचं नाव. "उद्या जाऊन बोलून येतो."

मी सोबत गेले. बंदरापाशी गावाएवढं आवार होतं, पांढऱ्या टाक्या, जाड नळ. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी मामाला खुर्ची दिली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण या सगळ्या भानगडीत आमच्याशी कोणीही वाईट वागलं नाही. निदान कोणी शिव्या दिल्या असत्या तर मला परत द्यायला तरी मिळाल्या असत्या.

"काका, आणलंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कार्बन. पकडलेला. आम्ही फक्त खाली गाडतो. तो पकडून, दाबून, नळातून आमच्यापर्यंत आणायचा असतो."

"नळ कोणाचा?"

त्यांनी कंपनीचं नाव घेतलं.

"आणि मी तो तुमच्याकडूनच विकत घेऊन गाडला तर? गाडीभर?"

त्या बाई हसल्या, पण मायेने. "काका, तुमच्या विहिरीचा सगळ्या जन्माचा कार्बन म्हणजे आमचं एका दुपारचं काम. एवढ्याशासाठी करार होत नाही हो. फार थोडं आहे."

"थोडं आहे ना? मग द्या की सोडून," मी म्हटलं.

"सोडायचं आमच्या हातात नाही. ते कार्यालयाच्या हातात."

आम्ही कार्यालयात गेलो. तिथे कळलं, सोडता येत नाही, कारण ते फार जास्त आहे.

हसू नका. मी तेव्हा हसले होते, त्या पायऱ्यांवर बसून, आणि मग मला हुंदकाच आला. मामा माझ्या शेजारी बसून पँटवरचा ग्रीसचा डाग नखाने खरवडत होता.

मग तो साहेबांकडे गेला. मी नको म्हणत होते. कंपनीच्या दारात आता मोठा फलक होता, आमचा सगळा धूर आम्ही जमिनीत ठेवला. खरंच ठेवला होता, नव्या विहिरींचा. आमच्या भागातल्या जुन्या विहिरींपैकी त्यांच्या नावावर एकही उरली नव्हती. साहेबांनी मामाला मिठी मारली, चहा मागवला, तब्येत विचारली. मामाने सगळं सांगितलं. साहेबांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तू पुढे होऊन नाव सांगितलंस. तुझा अभिमान वाटतो मला." परत येताना मामा म्हणाला, "चहा चांगला होता."

पंप बंद करून बघितला. कार्यालयाने सांगितलं, बंद केल्याने मागचं मिटत नाही. विहीर सिमेंटने बुजवायची परवानगी मागितली. ज्याची जबाबदारी शिल्लक आहे त्याला बुजवता येत नाही. विकायला काढली. तीच अट. ज्या दारावर हात ठेवावा ते आतून प्रेमाने बंद. होयबा मान हलवायचा थांबला तेव्हा अंगण इतकं गप्प झालं की शेजारी येऊन विचारून गेले, काही झालंय का म्हणून. दांडा गंजेल या काळजीने मामा रोज त्याला तेल लावायचा, उभ्या पंपाला, पॅकिंगसकट.

मग त्याने झाडं लावली. कुंपणाच्या चारी बाजूंनी, रस्त्याकडेने, जिथे फावडं जाईल तिथे. खाऱ्या पाण्याने खराब झालेली माती, पण त्याने दुसरीकडून माती आणून टाकली. काही जगली. त्यांची पानं एका डब्यात घालून तो कार्यालयात घेऊन गेला, दाखवायला. घरी येऊन त्याने मला सगळं बोलणं सांगितलं. सांगताना तो स्वतःवर जरासा हसतही होता.

कारकूनबाई म्हणाल्या होत्या, "छान आहेत हो. पण या कायद्यात झाडं चालत नाहीत. जमिनीच्या खाली हवं, कायमचं. झाडं मरतात."

"मीही मरेन," मामा म्हणाला होता.

"म्हणून तर विचारायचंय," त्या म्हणाल्या होत्या. "तुमच्यामागे कोण?"

मामाचं हे एक आहे, विचारलं की सांगून मोकळा. पण त्या दिवशी तो जन्मात पहिल्यांदा थबकला. "विचारून सांगतो," म्हणाला आणि डबा घेऊन परत आला.

मग मी ते कलम वाचलं. मोठ्या कंपन्या आपली जबाबदारी लहान कंपन्यांच्या नावावर करायच्या, त्या लहान कंपन्या बुडवायच्या आणि हात झटकून मोकळ्या व्हायच्या. ते बंद करायला कायद्यात घातलं होतं की ही जबाबदारी वारसाकडे जाईल आणि वारसाला ती नाकारता येणार नाही. किती चांगलं कलम! मोर्च्यात आम्ही त्याच्यासाठीच ओरडलो होतो. वारस हात झटकू शकत नाही, वारसाला फेडेपर्यंत दुसरं घर घेता येत नाही, धंदा काढता येत नाही, कायमचं दुसरीकडे जाता येत नाही. फक्त वारसच नसला तर ती सरकारजमा होते. मासे पकडायला एवढं बारीक जाळं विणलं, मासे वरून उडी मारून गेले आणि आत सापडले आम्ही दोघं.

मला तेव्हा स्वतःचं चष्म्याचं दुकान काढायचं होतं. दुसऱ्या गावात एक जागा बघूनही ठेवली होती, कोपऱ्यावरची, उजेडाची. मामा तिथे दोनदा येऊन गेला होता. यंत्र कुठे ठेवायचं ते त्याने खडूने आखूनसुद्धा दिलं होतं.

दोन दिवस तो झाडांना पाणी घालत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते आणि तो समोर येऊन बसला.

"ठमे, तू माझी कोण?"

"डोकं फिरलंय का?"

"सांग तर."

"भाची."

"हे म्हणायचं नाही," मामा म्हणाला. "कागद कुठेच नाही. तुझं आडनाव वेगळं, माझं वेगळं. तू म्हणशील आणि मी म्हणीन, तेवढंच नातं आहे आपलं. दोघांनी नाही म्हटलं की नाही."

मी भाजीचं ताट बाजूला सारलं. खूप बोलले. खोटारडा म्हटलं, भित्रा म्हटलं. म्हटलं, उत्पादक कोण म्हणून विचारलं तेव्हा छाती पुढे काढलीस, आणि आता मला लपवतोस?

"मी नाही लपत," तो म्हणाला. "मी आहे तोवर ते माझंच आहे. मी काढलंय. तू काय काढलंयस? तू तर काचा घासतेस."

"दुसरा मार्ग शोधू."

"कुठे? तू सांग, मी आत्ता जातो. सायकल बाहेर आहे."

तो खरंच उठून उभा राहिला. माझ्याकडे सांगायला एक जागा असती, एक दार, एक माणूस, तर तो गेला असता. मी डोक्याला ताण देऊन आठवत होते, आणि तो सायकलच्या किल्लीवर हात ठेवून वाट बघत होता. शेवटी मी ताट पुन्हा पुढे ओढलं.

वारसाचा जबाब द्यायला कार्यालयात आम्ही एकाच बसने गेलो, पण एक थांबा आधी उतरून मी चालत आत गेले. ही त्याचीच कल्पना. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, वर आवाज करणारा पंखा आणि आमचं बोलणं टिपून घेणारं छोटं यंत्र. कारकूनबाई मामाहून थोड्याच लहान होत्या. त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर ओरखडा होता. मला असलं काही दिसल्याशिवाय राहत नाही. मी त्या ओरखड्याकडेच बघत राहिले.

"या तुमच्या कोण?" त्यांनी मामाला विचारलं.

"कोणी नाही. भाडेकरू."

"नातं?"

"सांगितलं ना मॅडम. काही नाही. लहानपणी निराधार होती, राहायला जागा दिली. मग राहिली ती राहिलीच." त्याने पाठ करून आणलं होतं, पण बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. "भाडं वेळेवर देत नाही. दार उघडं टाकून जाते. कात्री घेतली की जागेवर ठेवत नाही."

कारकूनबाई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे तुमचे कोण?"

मी तोंड उघडलं. आवाज आला की नाही ते मलाही कळलं नाही.

"मोठ्याने बोला. टिपून घ्यायचंय."

मामा पंख्याकडे बघत होता.

"कोणी नाहीत," मी म्हटलं. "हे गृहस्थ माझे कोणी नाहीत."

एवढ्याने झालं. मला वाटलं होतं की काहीतरी मोठा शिक्का वगैरे असेल. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, ओरखडा काही जाणार नव्हता, आणि म्हणाल्या, "मग आता तुम्हाला त्या घरात राहता येणार नाही. उत्पादकाच्या जागेत राहणाऱ्याला आम्ही संबंधित धरतो. आजच्या आज निघालात तर बरं. तपासणीची माणसं केव्हाही येतात."

हे आम्हाला माहीत नव्हतं. कलमात ते खाली, बारीक अक्षरात होतं. मी मामाकडे बघितलं. खुर्चीच्या दांडीवर त्याची बोटं आवळली, मग जराशी सैल झाली.

"बरंय की," तो म्हणाला. "खोली तरी मोकळी होईल."

"सामान?" बाईंनी मला विचारलं.

"पाठवून देईन मी," मामा म्हणाला. "फार काही नाहीये तिचं."

मी आधी बाहेर पडले. मामा मागून. बसच्या थांब्यावर मी खांबापाशी उभी राहिले, तो बाकावर बसला. आता इथे तरी बोलावं म्हणून मी त्याच्याकडे वळले, तर त्याने डोळ्यांनीच नको म्हटलं. कारकूनबाई पर्स सांभाळत येत होत्या. त्यांचं कार्यालय सुटलं होतं. त्या आमच्या दोघांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, उन्हाबद्दल काहीतरी बोलल्या, आणि मामा म्हणाला, "हो ना. फारच." मीही हो म्हटलं.

बस आली. मामा पुढे बसला, खिडकीपाशी. मी मधल्या बाकावर. बाई माझ्या मागच्या बाकावर. कंडक्टर मामापाशी गेला. आम्हाला तो वर्षानुवर्षं ओळखत होता. त्याने माझ्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "दोन ना?"

"एक," मामा म्हणाला.

कंडक्टर माझ्याकडे आला. "आणि तुम्ही?" मी शेवटच्या थांब्याचं तिकीट मागितलं. तो थांबा मी कधी पाहिलाही नव्हता. कंडक्टरने तिकीट फाडून दिलं.

मला मामाचं डोकं दिसत होतं, मागून. मानेवरचे केस वाढले होते. ते मीच कापायचे, या रविवारी कापायचे होते. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. बस वळली, जाळीची कुंपणं दिसायला लागली, मान हलवणारे पंप, मग आमचा थांबा. मामा उठला. दांडा धरत धरत मागच्या दाराकडे निघाला. तो माझ्या बाकापाशी पोचला तेव्हा बस जराशी हलली आणि त्याने तोल सावरायला माझ्या पुढच्या दांड्याला धरलं. त्याचा हात माझ्या हाताला लागून होता. पुढच्या क्षणी तो म्हणाला, "माफ करा हं, बाई," आणि उतरला.

मागच्या बाकावर कारकूनबाई पर्समधून काहीतरी शोधत होत्या. मामा रस्त्याच्या कडेला उभा होता, सकाळी थांब्यावर लावलेल्या सायकलचं कुलूप उघडायचं सोडून नुसता उभा. मी खिडकीची काच वर करायला हात उचलला आणि तसाच मांडीवर ठेवला. कंडक्टरने घंटी वाजवली. बस सुटली.